कॉम्प्युटर घोरायचा थांबला

बायकोने नोकरीसाठी अर्ज केला आहे, ही बातमी मला पोहे खाताना कळली. मुद्दाम सांगितली म्हणून कळली असंही नाही. तिला कॉम्प्युटरचं टेबल मोकळं हवं होतं, आणि त्यावर माझ्या इस्त्रीच्या कपड्यांची चळत होती, म्हणून कळली.

"हे कपडे उचला इथून. पुढच्या शनिवारी पाच वाजता मले इथं बसायचं आहे."

"कशाला?"

"डेमो क्लास आहे."

"कोणाचा?"

"माझा. परदेशातल्या पोरायले मराठी शिकवायचं काम आहे. अर्ज केला होता, बोलावलं त्यांनी."

घास हातात होता तो हातातच राहिला. समोर बसलेल्या आईने तो पाहिला आणि म्हणाली, "खाऊन घे न बापा, मग चकित हो."

चकित होण्यासारखंच होतं. आमची ही लग्नाआधी मराठी घेऊन एम.ए. झालेली. मग रायपूरला आली, समता कॉलनीतल्या ह्या घरात, जिथे भाजीवाला हिंदी, शेजारीण हिंदी, शाळा हिंदी, आणि पुढे पोटचा पोरगाही हिंदी. त्याला मराठी सगळं समजतं. "जेवायला ये" म्हटलं की बरोबर येतो, फक्त "आ रहा हूँ मम्मी" म्हणत येतो. आता तो नोकरीसाठी दूरच्या शहरात आहे आणि फोनवरही तेच. ही मराठीत विचारते, तो हिंदीत सांगतो, आणि दोघांनाही त्यात काही वेगळं वाटत नाही.

आईने मात्र लगेच पकडलं. "घरच्या पोट्ट्याले मराठी बोलता करता आलं नाही, आता साहेबाच्या देशातल्या पोरायले शिकवते म्हणते!"

"म्हणून तर शिकवते न आई," बायको म्हणाली. "इथला अनुभव आहे न पाठीशी."

हसली, पण पोह्यांची बशी उचलताना तिने एवढंच सांगितलं, "पाऱ्यात, शेजारीपाजारी कोणाले सांगू नका. मिळालं तर मीच सांगीन. नाही मिळालं, तर आपल्या तिघांतच राहू द्या." तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही गोष्ट तिने पुष्कळ दिवस एकटीने मनात बाळगलेली आहे. मग मी कपडे उचलले.

आमचा कॉम्प्युटर पोरगा अकरावीत गेला तेव्हाचा. बैठकीत, आईच्या दिवाणाला लागून त्याचं टेबल. टेबलाखाली तो उभा काळा डबा, ज्याला आमच्याकडे सगळेच सीपीयू म्हणतात. पोरगा गेल्यापासून त्याचा उपयोग म्हणजे माझं विजेचं बिल भरणं आणि आईला कीर्तन लावून देणं. त्या संस्थेची अट होती की फोनवर चालणार नाही. शिकवणाऱ्याचा चेहरा एका बाजूला दिसला पाहिजे आणि चित्रांचा फळा दुसऱ्या बाजूला, दोन्ही एकदम. बायकोने सराव म्हणून पोराला व्हिडिओ कॉल लावून फळा उघडला, तर दोन्ही एकदम म्हटल्यावर आमच्या डब्याने मान टाकली. चक्र फिरतंय, फिरतंय. टेबलाखालून घरघर ऐकू येतेय.

इथे माझा प्रवेश.

मी नोकरी करतो त्या कार्यालयात माझी कॉम्प्युटरचा जाणकार म्हणून ख्याती आहे. कोणाचा कॉम्प्युटर अडला की मला बोलावतात. मी गंभीर चेहऱ्याने खुर्ची सरकवतो, वायर काढतो, थोडं थांबतो, वायर परत लावतो. दहातल्या आठ वेळा तो सुरू होतो. उरलेल्या दोन वेळा मी "मदरबोर्ड" म्हणतो आणि उठतो. ह्या भांडवलावर मी घरात जाहीर केलं, "मेमरी कमी पडून राहिली. नवीन मेमरी टाकू, पळेल बघ."

शंकर नगरच्या एका दुकानातून मेमरीची पट्टी आणली. बोटाएवढी हिरवी पट्टी. रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर पेपर अंथरला, डबा आडवा निजवला, एका बाजूचा पत्रा काढला. आत काय असतं हे मीही त्या दिवशी पहिल्यांदाच पाहत होतो, पण चेहऱ्यावर तसं काही येऊ दिलं नाही. फोनवर व्हिडिओ लावून, तो दर मिनिटाला थांबवून, मी ती पट्टी जुन्या पट्टीच्या शेजारच्या खाचेत दाबली. कट्ट असा आवाज झाला. मी ज्या अभिमानाने मागे वळून पाहिलं, तसं डॉक्टरही पाहत नसतील.

मागे बायको तबक घेऊन उभी होती. हळद, कुंकू, अक्षता.

"हे काय?"

"दसऱ्याला पूजा करतोच न आपण ह्याची? आज त्याच्यात नवीन वस्तू आली, आणि मी त्याच्यावर बसून परीक्षा देणार आहे. मग काहून नाही?"

मी शिकलेला माणूस. "आत नको, बाहेरून कर," एवढं शहाणपण मी दाखवलं. तिने पत्र्याला कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. मग आई आली. तिचा हात आता थोडा थरथरतो, आणि तिला अक्षता वाहणं माहीत नाही, टाकणं माहीत आहे. जन्मभर तिने लग्नं लावली आहेत. "सुखी रहा रे बापा," म्हणून तिने मूठभर अक्षता त्या उघड्या डब्यावर अशा उधळल्या की आत मंगलाष्टकं चालू असावीत.

"आई!"

"काय झालं? शुभ असते."

मी वाकून पाहिलं. हिरव्या पाट्यांवर, वायरींमध्ये, चार-दोन लाल दाणे. आता खरा जाणकार काय करेल? चिमट्याने एकेक दाणा वेचेल. मी फुंकर मारली. चांगली दम भरून, चूल पेटवतात तशी. दाणे दिसेनासे झाले. दिसेनासे झाले म्हणजे गेले, असा माझा आयुष्यभराचा हिशोब आहे. मी पत्रा लावला, डबा उभा केला, बटण दाबलं.

आमचा कॉम्प्युटर सुरू होतानाची एक रीत आहे. त्याच्या आतली बारकी बॅटरी कधीचीच मेली आहे, त्यामुळे तो दर वेळी उठला की त्याला तारीख आठवत नाही. काळ्या पडद्यावर इंग्रजीत पांढऱ्या ओळी येतात आणि खाली लिहिलेलं असतं की एफ-वन दाबा. मी दाबतो. वर्षानुवर्षं दाबत आलो आहे. त्या दिवशीही दाबला.

मेमरी दुप्पट दिसली. बायकोने टाळ्या वाजवल्या. आणि मग आम्हाला सगळ्यांना एकदमच जाणवलं की खोली शांत आहे. टेबलाखालची ती घरघर नाहीच.

"आवाज गेला की रे याचा," आई म्हणाली.

"जाणारच!" मी म्हणालो. "आधी मेमरी कमी होती, धापा टाकायचा बिचारा. आता आरामात काम करून राहिला."

हे वाक्य मी स्वतः बोललो आहे. साक्षीदार आहेत.

धक्का त्याच संध्याकाळी बसला. बायको सरावाला बसली. पहिली थोडी मिनिटं पडदा खरंच पळाला. तिने फळ्यावर कमळ काढलं, पतंग काढला, मी मागे हात बांधून उभा. आणि मग पतंगाची शेपटी निघेना. तिने इकडे माउस ओढला, रेघ तिकडे कितीतरी वेळाने उमटली. कोपऱ्यातला तिचा चेहरा तोंड उघडं ठेवून थिजला. मेमरी घालण्याआधी तो निदान चक्र फिरवायचा, आता चक्रही अर्धं फिरून थांबलं.

"हे तर आधीपेक्षा हळू आहे," ती म्हणाली.

माझा विश्वास बसेना. आधीपेक्षा हळू? दुप्पट मेमरीवर? मी वायर काढली, थांबलो, वायर लावली. एफ-वन दाबला. पुन्हा थोडी मिनिटं पळाला, पुन्हा थिजला. मी "मदरबोर्ड" म्हणणार होतो, पण घरात तो शब्द बोलून उठून जायला जागा नाही.

सोमवारी पोराला फोन लावला. तो ह्याच धंद्यातला, पगारच त्याचा घेतो. त्याने दुरून आमच्या कॉम्प्युटरचा ताबा घेतला. बाण आपोआप फिरू लागला तशी आई दिवाणावर सरकून बसली.

"पापा, आपने इसमें क्या-क्या भर रखा है? ये सात-सात चीज़ें साथ में चालू होती हैं."

"ते मी नाही रे, ते आपोआप येतात."

"आपोआप कुछ नहीं आता पापा."

त्याने बऱ्याच वस्तू काढून टाकल्या, म्हणाला अब ठीक है, आणि हिला सांगितलं, "मम्मी, टेंशन मत लो, तुम तो बेस्ट टीचर हो." हिने विचारलं, "मराठीत सांग न एकदा." तो हसला आणि म्हणाला, "अरे मम्मी!" तेवढ्यात बाण पडद्याच्या मध्यावर थांबला तो थांबलाच. तिकडून पोरगा म्हणत होता, "हैलो? हैलो? पापा, आपने कुछ दबाया क्या?"

मी दोन्ही हात वर करून उभा होतो. कोणालाच दिसत नव्हतं, तरी.

मंगळवारी मी पट्टी काढून शंकर नगरला गेलो. पट्टी बायकोच्या रुमालात गुंडाळून खिशात. दुकानदाराने ती आपल्या कॉम्प्युटरला लावली, बरंच काही चालवून पाहिलं.

"भैया, मेमोरी तो एकदम बढ़िया है. सीपीयू लाए हो?"

"नहीं."

"तो फिर हम क्या देखें?"

बरोबर होतं. पण तो डबा उचलून कॉलनीतून नेला असता तर जिन्यातच चार जणांनी विचारलं असतं, काय झालं, कशासाठी, कोणाला पाहिजे. बायकोने तेवढं एकच मागितलं होतं, की कोणाला कळू नये. मी पट्टी परत खिशात घातली.

घरी येऊन मी नवी पट्टी न लावता, फक्त जुन्यावर कॉम्प्युटर चालवून पाहायचं ठरवलं. ही कल्पना मला सुचली ह्याचं मलाच कौतुक वाटलं. पण कौतुक फार टिकलं नाही. जुन्या पट्टीवरही तो तसाच. थोडा वेळ ठीक, मग चिखलात रुतलेला. म्हणजे मेमरीचा दोष नाही. म्हणजे रविवारी डबा उघडून मीच त्यात काहीतरी कायमचं मोडलं. चांगला हळूहळू चालणारा कॉम्प्युटर मी न चालणारा केला, तोही बायकोच्या शनिवारच्या तोंडावर. मी खुर्चीत बसून राहिलो.

नवी पट्टी परत बसवायला पत्रा काढला तेव्हा डब्याच्या तळाशी अक्षतांचा एक दाणा सापडला. तो मी उचलला, कपाळाला लावला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. आतला पंखा माझ्या नाकासमोर होता. तो थांबलेला होता. पण बंद कॉम्प्युटरचा पंखा थांबलेलाच असतो, त्यात पाहण्यासारखं काय?

पुढचे दोन दिवस मी जे जे केलं ते सांगण्यासारखं नाही. लग्नाचे, बारशाचे सगळे फोटो काढून दुसरीकडे ठेवले, म्हणजे त्याच्या डोक्यावरचा भार कमी होईल. त्याला दुपारी विश्रांती दिली. एकदा टेबलाची जागा बदलून पाहिली, का ते विचारू नका. शेजाऱ्यांकडून लॅपटॉप मागून आणतो म्हटलं, तर बायकोने नुसतं माझ्याकडे पाहिलं. लॅपटॉपमागून शेजारीण आलीच असती.

बायको मात्र सराव करत होती. कॉम्प्युटरशिवाय. ओट्याशी उभी राहून, कणीक मळता मळता, कढईला विचारायची, "सांगा बरं मुलांनो, हे काय आहे? तुम्हाला कोणता रंग आवडतो?" आणि मधेच स्वतःला टोकायची, कारण बोलण्याच्या भरात "तुमले" निघून जायचं. आई आतून उत्तर द्यायची, "मले काळा आवडते!"

शुक्रवारी संध्याकाळी तिने शेवटचा सराव केला. कमळ झालं, पतंगापाशी पडदा थिजला. तिने माउस हळूच खाली ठेवला. चिडली असती तर बरं झालं असतं.

"राहू द्या," ती म्हणाली. "मी त्यांना उद्या लिहून टाकते की जमत नाही म्हणून."

"अगं, असं कसं? मी करतो न काहीतरी."

"तुम्ही करून राहिले न आठवडाभर. मी पाहून राहिली." मग जरा थांबून, "बरं झालं कोणाले सांगितलं नाही."

ती आत गेली. आई माझ्याकडे पाहत होती. मी त्या डब्याकडे पाहत होतो. त्याच्या पत्र्यावर रविवारचं कुंकू अजून तसंच होतं.

शनिवार उजाडला. उन्हं अशी की पितृपक्षात वैशाख घुसला आहे असं वाटावं. बायकोने जेवणं उरकली. निरोप लिहायला फोन घेतला आणि परत ठेवला. म्हणाली, तीन वाजता लिहीन. मी कॉम्प्युटर लावून, एफ-वन दाबून, त्याच्यासमोर नुसता बसलो होतो. तो चालू आहे आणि काही करत नाही, मीही तसाच. आई दिवाणावर आडवी झाली. कूस बदलली. परत बदलली. मग उठून बसली.

"काय झालं आई?"

"झोप नाही लागत रे. आठ दिवस झाले, दुपारची झोपच गेली माझी."

"काहून?"

"हा घोरत नाही न आता." तिने हाताने टेबलाखाली दाखवलं. "तुझा बाबा कसा घोरायचा, रातभर. तो गेला तं मले वाटे आता कशी झोप येईल. मग याची घरघर राहे दुपारी, तू लावून ठेवायचा तेव्हा. त्याच्या बाजूला बरी झोप लागे. आता चालू हाय म्हणतोस, अन् आवाज नाही. चालू हाय तं घोरत काहून नाही?"

मी हसणार होतो. तोंड हसायला उघडलंही होतं. मग ते तसंच राहिलं.

चालू आहे तर घोरत का नाही?

मी खुर्चीवरून खाली बसलो आणि डब्यावर हात ठेवला. ठेवला आणि झटक्यात मागे घेतला. तवा. आठवडाभर मी त्याचा पडदा पाहिला, माउस पाहिला, मेमरी पाहिली, फोटो मोजले. त्याच्या अंगाला हात कोणी लावलाच नव्हता. चालू असतानाच मी पत्रा काढला. आत जुनी पट्टी, नवी पट्टी, आणि मधोमध तो पंखा. जागच्या जागी थरथरत होता. वळायचा प्रयत्न करायचा, अडायचा, परत थरथरायचा. आणि जिथे अडत होता तिथे, पातं आणि खालचा पत्रा ह्यांच्या फटीत, एक लाल दाणा.

"अगं ए!" मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की बायको ओले हात घेऊन धावत आली. तिला वाटलं, शॉक लागला. लागलाच होता एका अर्थाने.

"पंखा! पंखा अडकला! म्हणून तापून राहिला, अन् तापला की हळू होऊन राहिला! मेमरी नाही, काहीच नाही, अक्षता!"

तिने वाकून पाहिलं. मग आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "मी तं शुभच केलं होतं."

"तुम्ही टाकल्या आई," बायको म्हणाली, "पण फुंकर कोणी मारली?"

मी तो विषय बदलला. कॉम्प्युटर बंद केला, वायर काढली. बायकोने भुवयांचा चिमटा आणला आणि मला बाजूला सारून स्वतः बसली. एक दाणा निघाला. मग आणखी एक. मग तिने रंगवायचा जुना ब्रश घेतला, आणि त्या पंख्याखालून एकेक वस्तू बाहेर येऊ लागली. कुंकवाचा थर. हळद. झेंडूच्या वाळून काळ्या झालेल्या पाकळ्या. आपट्याच्या पानाचा तुकडा. इतक्या दसऱ्यांना आम्ही त्या डब्याच्या वरच्या जाळीवर सोनं ठेवत आलो, आणि सगळं सोनं तो आत साठवत आला होता. एवढं सगळं पोटात घेऊन बिचारा आजवर चालत होता, फक्त ह्या वेळी दाणा नेमका घशात बसला.

"घाटावर नेऊन विसर्जन करायला पाहिजे ह्याचं," बायको ते पेपरात गोळा करत म्हणाली. पण ती पहिल्यांदा हसत होती.

वायर लावली, बटण दाबलं. काळ्या पडद्यावर ओळी आल्या आणि माझं बोट एफ-वनवर गेलं, पण ह्या वेळी मी थांबलो. वाचलं. बॅटरीची ओळ होती. एकच ओळ. आणि मग मला अंधुक आठवलं की गेला आठवडाभर तिथे दोन ओळी येत होत्या. दुसरीत काय लिहिलं असेल हे कळायला आता इंग्रजीची गरज नव्हती. यंत्र रोज सांगत होतं की बाबा रे, माझा पंखा बंद आहे. मी त्याला रोज म्हणत होतो, बरं बरं, पुढे चल.

टेबलाखालून घर्रर्र असा आवाज आला, आणि वाढत वाढत स्थिर झाला. आयुष्यात मी इतका गोड आवाज ऐकलेला नाही. बायकोने कमळ काढलं. पतंग काढला. शेपटी निघाली. तिने आणखी एक पतंग काढला, मग आणखी एक, उगाच, पडदा भरेपर्यंत. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. थिजला नाही.

पाचला थोडा वेळ होता. तिने साडी बदलली, समोर पाण्याचा पेला ठेवला आणि मला आत घालवलं. आईलाही उठवायला गेली, तर आई दिवाणावर गाढ झोपली होती. आठ दिवसांची झोप. "राहू द्या," बायको कुजबुजली, "पडद्यात नाही दिसत त्या."

मी आतल्या दाराआड उभा राहिलो. ऐकायचं नाही असं ठरवून, कान लावून.

पलीकडून एका मॅडमचा आवाज आला, स्वच्छ, घाईचा. मग दोन मुलांचे. मराठी अशी की शब्द मराठी आणि चाल इंग्रजी. आणि मग हिचा आवाज आला. हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मोठा नव्हता, पण त्याला घाई नव्हती. ओट्याशी कढईला विचारलेले ते सगळे प्रश्न आता खऱ्या मुलांना, खऱ्या उत्सुकतेने. एका मुलाने उत्तर इंग्रजीत दिलं. मॅडम त्याला टोकणार होत्या, तेवढ्यात ही म्हणाली, "तुला कळलं ना सगळं? मग झालं. आता तेच आपण मिळून मराठीत म्हणू. मी अर्धं म्हणते, अर्धं तू म्हण." तो पोरगा थांबला, आणि मग त्याने अर्धं म्हटलं. चुकीचं, अडखळत, पण म्हटलं. तिच्या आवाजात जो आनंद उमटला तो मला ओळखीचा वाटला. आमचा पोरगा पहिल्यांदा चालला होता, त्या दिवशीचा होता तो.

एवढं सगळं हिच्याजवळ होतं आणि ते गेली सगळी वर्षं घरातच होतं. मी दाराआड उभा राहून हे पहिल्यांदा ऐकत होतो, हातात भांडी पुसायचं फडकं घेऊन. ते का घेतलं होतं, आठवत नाही.

आणि मग बैठकीतून एक मोठी घरघर आली. लांब, खोल, शेवटी शिट्टी असलेली.

मुलं हसली. मॅडम म्हणाल्या, "हा आवाज कसला येतोय?"

मी दार किंचित ढकललं.

"कॉम्प्युटरचा पंखा आहे," माझी बायको न अडखळता म्हणाली. "जुना आहे ना. आजच साफ केला."

"अच्छा," मॅडम म्हणाल्या. "चालू द्या."

पंख्याने आणखी एक शिट्टी मारली.

उत्तर मंगळवारी आलं. तिने फोनवरचा निरोप आधी स्वतः वाचला, मग फोन माझ्या हातात दिला, आणि स्वयंपाकघराच्या दारात पाठ करून उभी राहिली. निवड झाली होती. वर्ग पुढच्या आठवड्यापासून. खाली एक ओळ जादा होती, की वर्गाआधी कृपया आपल्या कॉम्प्युटरच्या पंख्याच्या आवाजाचं काही करावं.

मी ती ओळ मोठ्याने वाचली. बायको वळली, आणि हसता हसता खाली बसली, आणि मग पदराने डोळे पुसत राहिली. आई दिवाणावरून विचारत होती, "काय झालं? कोणाचा आवाज?"

"तुमचा आई! तुम्ही घोरल्या परीक्षेत!"

"मी?" आईला खरोखरच धक्का बसला. तिने माझ्याकडे पाहिलं, मग टेबलाखाली. "मी नाही घोरत बापा. हाच घोरते."

बायको उठली, डोळे कोरडे केले, चप्पल घातली.

"कुठं चालली?" मी विचारलं.

"शेजारी. सांगून येते."